मगरीच्या पोटात मावेल असा लॅपटॉप

मगर गेल्या रविवारी ऐन प्रयोगात वारली, आणि तीही जांभई देताना.

जबडा उघडला तो उघडाच राहिला. समोर हॉलभर पोरं. पडद्यामागे मगरकाका पायाखालचं पॅडल दाबतायत, सोडतायत, पुन्हा दाबतायत, मगर ढिम्म. शेवटी काका बाहेर आले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्यांनी जाहीर केलं, की मगरबाईंचा जबडा आखडला आहे, त्यांना ताबडतोब दातांच्या डॉक्टरकडे न्यावं लागेल. मग तिला खांद्यावर टाकून ते सरळ दारातून निघून गेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलाच्या आईने संध्याकाळी फोन करून त्या डॉक्टरांचा नंबर मागितला, कारण तिचा मुलगाही तोंड मिटत नव्हता.

काकांना एरवी यावर आठवडाभर हसू पुरलं असतं. या वेळी आलंच नाही.

काका हयातभर दोऱ्यांच्या बाहुल्या नाचवत आलेले. मग हातांना कंप सुटला. स्टेजवर आलेल्या राजपुत्राला थंडी वाजल्यासारखं दिसू लागलं, तेव्हा काकांनी कथेत हिवाळा घातला. पुढे राजकन्याही कुडकुडायला लागली. हिवाळा वाढवला. पण ज्या दिवशी सूर्याची बाहुलीसुद्धा थरथरत उगवली, त्या दिवशी काका घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

काकू तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलापाशी होत्या. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात शहरभरचे पंप कॉम्प्युटरवरून चालू-बंद करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. बिघाड दिसला की आधी काय चालू आहे ते बघायचं, ही त्यांची सवय.

"हात थरथरतात," त्या म्हणाल्या. "पाय थरथरतात का?"

"पाय? नाही."

"मग झालं तर."

सांत्वन एवढंच. त्यानंतर बराच काळ त्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. तिथे मगर होत होती. सोफ्याएवढी लांब, लाकडी फासळ्यांची, वरून हिरवं कापड. जबड्यात मोटर, पापण्यांत मोटर, शेपटीत मोटर. पोटात एक चिमुकला लॅपटॉप आणि काकांच्या पायाखाली पॅडलं. मधला सगळा प्रोग्रॅम काकूंनी स्वतः लिहिला. काकांना त्यातलं अक्षर कळत नसे, पण भाजी आणायला गेले तरी ते कोणालातरी सांगून येत, "आमच्या हिने मगर लिहिली." ऐकणारा बहुधा विषय बदलायचा. फक्त तिला हे कधी सांगितलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एकदम कौतुक केलं तर बाई डॉक्टरला बोलावेल, अशी त्यांना भीती होती.

प्रोग्रॅम चालायचा लिनक्स नावाच्या प्रणालीवर. सुरुवातीला लॅपटॉपमध्ये दुकानातून आलेली प्रणाली होती तशीच ठेवली होती. तिने एका प्रयोगात मध्येच स्वतःला सुधारायला घेतलं. मगरीचा एक डोळा मिटलेला, एक उघडा, आणि सुधारणा काही संपेना. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना वाटलं मगर आपल्याला डोळा मारतेय. ते लाजले. त्यांची बायको उठून मागच्या रांगेत गेली. त्या रात्री काकूंनी लिनक्स टाकलं. "हे मला विचारल्याशिवाय काही करत नाही," त्या म्हणाल्या. "घरात असं एवढंच आहे."

आता तोच लॅपटॉप गेला होता, कायमचा. आणि पुढच्या रविवारी प्रयोग ठरलेला.

"नाही मिळाला दुसरा तर राहू दे," काका बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले. खरं तर बांधत नव्हते. बोटं ऐकत नव्हती. "मगर पेटीत ठेवू. मीही बसेन गॅलरीत. पुष्कळ झालं की."

काकूंनी वाकून त्यांची नाडी बांधली, घट्ट, दुहेरी. मग मगरीची शेपटी धरली. "तोंडाकडून उचला," त्या म्हणाल्या.

"हिला कशाला न्यायचं? माप घे की पोटाचं."

"माप घेतलंय. पण फासळीखालून तिरका सरकवावा लागतो, मग वळवावा लागतो. आणि पॅडलं ओळखतोय का, झोपवला की उठतोय का, हे कोण सांगणार? टेप?"

काकांना दुसरीच काळजी होती. त्यांच्या गुरूंनी त्यांना एकच नियम लावून दिला होता: परक्या माणसासमोर बाहुलीचं पोट उघडायचं नाही. उघडलं की ती लाकूड होते, आणि मग कितीही नाचवा, लाकूडच नाचतं. काकांनी हा नियम कधी मोडला नव्हता. एकदा गाडीतून जाताना तपासणीवाल्यांनी राक्षसाचं पोट दाखवा म्हटलं, तर काकांनी त्याऐवजी स्वतःची बॅग, खिसे आणि बनियन दाखवला होता.

"लोकांसमोर उघडायची नाही हं," ते म्हणाले.

"माहितीये," काकू म्हणाल्या. "उचला."

लॅपटॉपच्या दुकानातल्या विक्रेत्याने टाय लावला होता. दोन वयस्क माणसं एक मगर घेऊन आत येताना पाहून त्याने टायची गाठ नीट केली. त्याच्या प्रशिक्षणात हे नव्हतं.

"या काका, या काकू. काय दाखवू? आणि, अं, यांना कुठे ठेवू?"

"लहानातला लहान दाखवा," काकू म्हणाल्या. "लिनक्स नीट चालेल असा."

"घरी कोण वापरणार आहे? नातवंडं?"

"ही," काकांनी मगरीकडे बोट दाखवलं.

टायवाल्याने मगरीकडे पाहिलं. मगरीचा जबडा अजून उघडाच होता. "गेमिंगसाठी का?" त्याने विचारलं. माणूस धंद्याचा पक्का होता.

त्याने पहिल्यांदा चंदेरी लॅपटॉप काढला. इतका पातळ की काकांना वाटलं हे त्याचं झाकण आहे, खालचा भाग अजून यायचाय. काकूंनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"आत काही बसवणार नाही ना काकू? मालक ओरडतील."

"सगळं पेनड्राइव्हवरूनच चालतं. तुमच्या मशीनला कळणारसुद्धा नाही की कोणी येऊन गेलं."

लिनक्स सुरू झालं. काकूंनी पडदा उजळला, मंद केला, आवाज लावला, बंद केला. मग वायफाय शोधलं. सापडेना. दुकानाच्या छताला वायफायचा डबा डोळे मिचकावत होता, हातभर अंतरावर, आणि चंदेरीला त्याचा पत्ताच नव्हता.

"दिसायला सुंदर आहे हो काकू," टायवाला म्हणाला.

"सुंदर आहेच. पण पॅडलं वायफायवरून बोलतात. ओळखच नाही म्हटल्यावर संसार कसा व्हायचा?"

दुसरा निळा. त्याला वायफाय लगेच दिसलं. पडदा, आवाज, सगळं ठीक. काकांनी मान डोलावली. काकूंनी झाकण मिटवलं. थांबल्या. उघडलं. पडदा काळा. बटण दाबलं. काळा.

"झोपला की उठत नाही," त्या म्हणाल्या.

"माझा मेव्हणा असाच आहे," टायवाला म्हणाला. आता तो खुलला होता.

पण काका गंभीर झाले. त्यांच्या नाटकाचा सगळा जीव मगर उठण्यातच होता. पडदा सरकतो तेव्हा मगर घोरत असते. पोरं ओरडून ओरडून तिला उठवतात. ती एक डोळा उघडते, आणि मग हॉलमध्ये जो गोंधळ होतो, तो ऐकण्यासाठी काका आठवडाभर जगत. न उठणारी मगर घेऊन काय करायचं? तासभर पोरांना ओरडायला लावून घरी पाठवायचं?

"एवढेच आहेत लहानातले," टायवाला म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं.

काका मगरीच्या तोंडाकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले, उचलायला. गॅलरीतली खुर्ची त्यांना स्पष्ट दिसू लागली होती. तिची एक पट्टी उसवलेली होती, तीसुद्धा.

काकू मात्र हलल्या नाहीत. त्या काउंटरच्या पलीकडे बघत होत्या. तिथे बिलांच्या यंत्राशेजारी एक काळा, ठेंगणा, कडा झिजलेला लॅपटॉप होता. त्याच्यावर चहाच्या कपाचे गोल डाग होते. तो काम करत होता, आणि त्याचा अजिबात आवाज येत नव्हता.

"ते काय आहे?"

"ते? ते विकायचं नाही. त्यावर बिलं होतात."

"कधीपासून?"

"मी लागलो त्याच्या आधीपासून."

"शेवटचं बंद कधी पडलं होतं?"

टायवाल्याने आठवून पाहिलं. फारच आठवून पाहिलं. "पडतं का ते?" त्याने स्वतःलाच विचारलं. "मालकांच्या भावाने मागे त्यात काहीतरी वेगळंच घातलंय. व्हायरस येत नाही म्हणे."

काकूंनी काउंटरला वळसा घातला. कोणी त्यांना अडवलं नाही. त्यांची चाल शहराचं पाणी बंद करू शकणाऱ्या बाईची होती. त्यांनी पडद्यावर पाहिलं, दोन बटणं दाबली, आणि गप्प झाल्या. काकांना ही शांतता ओळखीची होती. लग्नात काकांनी आणलेला पोपट पाहूनही ती अशीच गप्प झाली होती, आणि तो पोपट पुढे तिने जिवापाड सांभाळला.

"लिनक्स आहे," काकू हळूच म्हणाल्या. "आणि आत पंखाच नाही. ज्यांनी हे निवडलं त्यांना डोकं आहे."

टायवाल्याने मालकांना फोन लावला. बराच वेळ "हो... मगर... नाही, मगर म्हणजे पण नाही, मगर म्हणजे मगर... हो साहेब, खरीखुरी, म्हणजे खोटी" असं चाललं. शेवटी फोन ठेवून तो म्हणाला, "विका म्हणतात. पण आधी बसतो का ते बघा."

बघायचं म्हणजे पोट उघडायचं. दुकानाला चारी बाजूंनी काचा. काकांनी मान ठाम हलवली.

म्हणून सगळी वरात शेजारच्या कपड्यांच्या दुकानात गेली आणि मगर ट्रायल रूममध्ये शिरली. काका-काकूही आत. शेपटी पडद्याबाहेर राहिली. टायवाला राखणीला उभा राहिला, पाठ फिरवून. पण समोर नेमका आरसा. पडद्याच्या फटीतून सगळं दिसत होतं. त्याने क्षणभर विचार केला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

हातात पँट घेतलेल्या एक बाई मागे येऊन थांबल्या. "आत कोणी आहे का?"

"मगर आहे," टायवाला डोळे मिटूनच म्हणाला.

बाईंनी शेपटीकडे पाहिलं. "वेळ लागेल?"

"पहिल्यांदाच घालून बघतायत."

आत काकूंनी काळा लॅपटॉप फासळीखालून तिरका सरकवला, वळवला, आणि तो टक् असा आवाज करून बसला. पेनड्राइव्ह लावला, पिशवीतली पॅडलं जमिनीवर ठेवली. लॅपटॉप झोपवला. उठवला. पुन्हा झोपवला. पुन्हा उठला. "दाबा," त्या म्हणाल्या.

काकांनी पाय ठेवला. गेल्या रविवारपासून उघडा असलेला जबडा सावकाश, अगदी पोट भरल्यासारखा, मिटला. दुसऱ्या पॅडलवर शेपटी हलली. बाहेर पँट पडल्याचा आवाज झाला.

काकांनी जबडा पुन्हा उघडून मिटवून पाहिला. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, ही घोरत नाही."

खरंच होतं. जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरायचा, तेच मगरीचं घोरणं होतं. मुलं त्या आवाजावरच अर्धी हसून घ्यायची. हा तर शब्दही काढत नव्हता.

"घालशील का प्रोग्रॅममध्ये?" काका म्हणाले. "एखादं रेकॉर्डिंग वगैरे." बोलताना त्यांचा आवाज पडला. आणखी एक गोष्ट मशीन करणार होतं.

काकू मगरीचं पोट शिवत होत्या. दोरा दातात होता, त्यामुळे उत्तराला वेळ लागला.

"मी कशाला घालू? इतकी वर्षं शेजारी झोपतेय. तुमच्यासारखं घोरणारं कुठलं रेकॉर्डिंग मिळणार आहे मला?"

काकांनी पॅडलवरचा पाय काढला.

"हाताने होत नाही ते पायाने करता," काकू म्हणाल्या. "नाकाने व्हायला काय हरकत आहे? गॅलरीत बसून घोरण्यापेक्षा स्टेजवर घोरा."

"तू ना," काका म्हणाले, आणि मग ट्रायल रूमच्या त्या पिवळ्या दिव्याखाली, मगरीला साक्षी ठेवून, इतकी वर्षं भाजीवाल्यांना सांगितलेलं वाक्य त्यांनी शेवटी तिला सांगितलं. "तू फार भारी लिहिलीयस मगर."

काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही," त्या म्हणाल्या. पण दोरा तोडायला दोनदा चुकल्या.

परत गेल्यावर नवी अडचण उभी राहिली: बिल करायचं कशावर? शेवटी तो मगरीच्या पोटातून पुन्हा काढला, अर्थात ट्रायल रूममध्ये जाऊन, आणि काउंटरवर आणला. त्या काळ्या लॅपटॉपने त्याच शांतपणे स्वतःचंच बिल छापलं. टायवाल्याला जरा गलबलून आलं.

रविवारी हॉल भरलेला. पडदा सरकला. मगर मंचावर आडवी, डोळे मिटलेले. पडद्यामागे काकांनी पाय पॅडलांवर ठेवले, हात मांडीवर खुशाल थरथरू दिले, मान मागे टाकली आणि घोरायला सुरुवात केली. काय घोरले! आधी दूरचा ट्रक, मग चढ, मग शिट्टी, मग इतकी लांब शांतता की पुढच्या पोरांनी श्वास धरला, आणि मग एकदम दरड कोसळावी तसं. पंख्याला आयुष्यात हे जमलं नसतं. काकू शेजारी बसून हे आज पहिल्यांदाच जाग्या असलेल्या माणसाकडून ऐकत होत्या.

दुसऱ्या रांगेत टायवाला आपल्या मुलीला घेऊन बसला होता. आज टाय नव्हता.

"बाबा," मुलीने विचारलं, तेवढ्या शांततेत हॉलभर ऐकू जाईल असं, "तिच्या पोटात काय आहे?"

पडद्यामागे काकांचा श्वास अडकला. गुरूंचा नियम आता एका विक्रेत्याच्या जिभेवर होता.

टायवाल्याने गंभीरपणे विचार केला.

"जुनी बिलं," तो म्हणाला. "खाऊन टाकलीत तिने. म्हणून तर एवढी सुस्त झालीय."

आणि घोरता घोरता मगर खदखदून हसली. कथेत असं काही नव्हतं, प्रोग्रॅममध्येही नव्हतं. काकांचा पाय आपसूक पॅडलवर पडला, शेपटी दाणकन आपटली, आणि सगळा हॉल उठून उभा राहिला.

"हे ठेवा," काकू कानात म्हणाल्या. "पुढच्या वेळीही हसा."