जिन्यातून निघालेली खोली

रिकामंच विमान जिन्याच्या वळणावर अडलं. चाळीतल्या रामहरीनं खालून रेटलं, येडूनं वरून ओढलं. बांबूची कमान भिंतीला घासली, माळेतली झेंडूची फुलं पायऱ्यांवर सांडली, पण विमान काही पुढं सरकेना.

“सोड गड्या,” रामहरी खालून म्हणाला. “रिकामंच वर जाईना, तर माणूस बसवून खाली कसं येनार?”

वर जिन्याच्या तोंडाशीच असलेल्या खोलीत शिवबाईला भिंतीला टेकून बसवलं होतं. कपाळावर विभूती, अंगावर इरकली लुगडं, मांडी घातलेली. त्यांच्या लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं नेत नाहीत. विमानात बसवून नेतात आणि बसवूनच माती देतात. पहाटे ती गेली तेव्हा शेजारच्या काशम्मानं तिला लगेच मांडी घालून बसवलं होतं, आणि आता अंग ताठ झालं होतं.

तिचा नवरा वीरभद्रप्पा तिच्याशेजारी बसून होता. तिथून त्याला जिना दिसत नव्हता. पण बांबू कुठं घासतोय हे त्याला आवाजावरून कळत होतं. तो जिना त्यानंच केला होता.

वीरभद्रप्पा मूळचा मंद्रूपचा. शेत भावाभावांत वाटलं गेलं आणि त्याच्या वाट्याला बांधाएवढं आलं, तेव्हा तो सोलापूरला लाकडाच्या वखारीत हमालीला लागला. ओझी वाहता वाहता त्याच्या हातात लाकूड तासायचा वाकस आला, मग करवत आली, आणि चाळिशीत तो सुतार झाला. तीस सालचा मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या साली गुरुबसप्पांनी सात रस्त्याजवळ गिरणीच्या लोकांसाठी दुमजली चाळ बांधायला काढली, आणि लाकडाचं काम वीरभद्रप्पाला मिळालं.

नकाशात दोन जिने होते, दोन टोकांना एकेक. पाया भरताना एक गेला. भिंती उठल्यावर मालकांनी दुसऱ्याच्या जागेकडं बोट केलं.

“अप्पा, ही भिंत अलीकडं घ्या. वर एक खोली निघती.”

“मालक, मग ह्यात दोन माणसं एकमेकाला वलांडनार न्हाईत.”

“वलांडायचं कशाला? एक थांबल, एक जाईल. गिरनीत दिवसभर हुबं ऱ्हात्यात, हितं घटकाभर थांबतील की.”

भोवतीचे गवंडी हसले. वीरभद्रप्पाही हसला. भिंत अलीकडं आली. फळ्या वाचाव्यात म्हणून पायऱ्या कमी झाल्या आणि जिना उभा झाला. ठरलेल्या सागवानाच्या जागी देवदार आला. शेवटी हिशोब जुळेना, तेव्हा वळणावरची एक पायरी बाकीच्यांहून उंच ठेवावी लागली. वीरभद्रप्पानं तिच्यावर जास्तीचा रंधा मारला. दुसरं काय करणार?

चाळ भरली. जिन्यातून निघालेली ती चिंचोळी खोली कुणी घेईना, म्हणून मालकांनी ती कमी भाड्यानं वीरभद्रप्पालाच दिली. शिवबाई खूश झाली. “दार उघडलं की जिना,” ती म्हणाली. “नळाला लांब जायला नगं.”

नळ खाली होता. पहिल्याच आठवड्यात भरलेला हंडा घेतलेली बाई आणि डबा घेऊन निघालेला गडी वळणावर समोरासमोर आले. हंडा गेला, डबा गेला, शिव्या तेवढ्या उरल्या. तेव्हापासून चाळीत रीत पडली. खालच्यानं पहिल्या पायरीशी उभं राहून हाक द्यायची, “येऊ का?” वरून उत्तर आलं की मगच चढायचं.

उत्तर द्यायचं काम शिवबाईकडं कसं आलं, ते कुणी ठरवलं नाही. तिचे गुडघे गेले. ती उंच पायरी तिला पहिल्यापासून भारी पडायची. पुढं पुढं ती पाठमोरी, हातांनी धरत उतरू लागली, आणि मग उतरायचीच थांबली. दारात बसून ती वाती वळायची. खालून हाक आली की मान वर न करताच सांगायची, “या, मोकळं हाय.” किंवा, “थांबा, काशम्मा हंडा घिऊन उतरत्याय.” पावलांवरून तिला माणूस कळायचं.

“आज्जी, तुमाला टेशनात सिग्नलला बशिवलं पायजे,” येडू एकदा म्हणाला.

“बसते की. झेंडा माज्या लुगड्याचा करीन, पगार तेवढा सरकारला द्याया सांग.”

दोन वर्षं तिनं रस्त्यावर पाय ठेवला नाही. एका संध्याकाळी वीरभद्रप्पा करवतीला कानस लावत बसला होता, तेव्हा ती हसत म्हणाली, “मी गेल्यावर कसं न्हेनार वो मला? तुमच्या जिन्यातनं बसलेलं माणूस जाईल का?”

“तवर खाली खोली घिऊ की.”

“लई वर्सं घेताय खोली.”

कानस चालू होती.

“ते ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. “मला आडवी न्हेऊ नगा. यवढंच बगा.”

खोली काही झाली नाही. आणि आता ती बसून होती, आणि जिन्यात माणसं बोलत होती.

“गॅलरीतनं दोर लावून सोडू या,” कुणीतरी म्हणालं. “गिरनीत कापसाच्या गाठी उतरवतोच की.”

“बायको हाय माजी,” वीरभद्रप्पा आतून म्हणाला. “गाठ न्हवं.”

गुरुबसप्पा हार घेऊन आले होते. ते खाली जिन्याच्या तोंडाशी उभे होते. “अप्पा,” त्यांनी हळूच हाक दिली, “झोळीत आडवी घिऊन उतरवा. खाली आल्यावर बसवा विमानात. यवढ्या चार पायऱ्यांचं काय?”

वीरभद्रप्पा उठून दारात आला. कोपऱ्यात करवत टांगलेली होती. तिच्याकडं त्यानं पाहिलं. कठडा कापला तर चार बोटं मिळाली असती. पण अडचण कठड्याची नव्हती. जिन्याची गेलेली रुंदी त्याच्या मागं, खोलीत होती. तिच्यातच शिवबाई बसली होती.

मालकांनी मान खाली घातली.

“काशम्मा,” तो म्हणाला, “तिचं जुनं लुगडं काढा. निळं.”

मग तो विधीसाठी आलेल्या जंगमांकडं वळला. “अय्या, माज्या पाटीवर बसवून न्हेली तर चालंल का?”

म्हाताऱ्या जंगमांनी शिवबाईकडं पाहिलं, मग जिन्याकडं. “बसलेली असली म्हंजे झालं,” ते म्हणाले. “कशावर बसली, ते शिव इचारत न्हाय.”

तिच्याखालून लुगडं घेऊन बायकांनी तिला त्याच्या पाठीला बांधलं, पाठीला पाठ लावून. तिचं तोंड वाटेकडं होतं. गाठी वीरभद्रप्पाच्या छातीवर आल्या. तो उठला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तो ओझ्यानं खाली बसेल. तो बसला नाही. ती फार हलकी झाली होती.

“मी म्होरं हुतो, पायऱ्या सांगतो,” रामहरी म्हणाला.

“नगं. बाजूला व्हा सगळी.”

रिकामं विमान त्यांनी पुन्हा खाली नेलं. जिना मोकळा झाला. वीरभद्रप्पा जिन्याकडं तोंड करून, पायऱ्यांना हात लावत उतरू लागला, शेवटी शेवटी ती उतरायची तसा. शिवबाई ताठ बसून पुढं बघत चालली होती. तिचे गुडघे एकीकडं भिंतीला, दुसरीकडं कठड्याला घासत होते. चुन्याची भुकटी लुगड्यावर पडत होती. देवदार कुरकुरत होता.

वळण आलं. त्या उंच पायरीवरून त्यानं पाय खाली सोडला. पाय हवेतच राहिला. खालची पायरी लागेना. पायरी किती उंच आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी पाय सापडेना. खाली सगळी चाळ श्वास धरून उभी होती. त्यानं कपाळ फळीला टेकलं.

“शिवे,” तो इतकं हळू म्हणाला की फळीलाच ऐकू गेलं असेल, “हितनं तू रोज उतरत हुतीस की गं.”

मग पाय टेकला.

खाली तिला विमानात बसवताना जंगमांनी तिच्या लुगड्यावरचा चुना झटकला. वीरभद्रप्पाच्या दोन्ही कोपरांवरची सालं निघाली होती. गुरुबसप्पांनी हार घातला. मग टाळ सुरू झाले आणि दोन वर्षांनी शिवबाई सात रस्त्यावरून गेली, उंच बसून, सगळं बघत असल्यासारखी.

माती देऊन वीरभद्रप्पा परतला तेव्हा ऊन कललं होतं. बरोबर रामहरी आणि येडू होते. जिन्यापाशी काशम्मा हंडा कमरेवर घेऊन उभी होती. तिच्यामागं गिरणीची पाळी संपवून डबे घेऊन आलेले दोघं गडी उभे होते.

“का थांबलाय?” वीरभद्रप्पानं विचारलं.

“हाक दिली,” काशम्मा म्हणाली, “वरनं काय आवाज...” आणि तिनं ओठ मिटले.

जिना मोकळा होता. पायऱ्यांवर सकाळची झेंडूची फुलं तशीच पडली होती. काशम्मानं हंडा कमरेवरून काढून खाली ठेवला. वीरभद्रप्पा तिच्यामागं, सगळ्यांच्या शेवटी, जाऊन उभा राहिला.