हलका हात

डाव्या घोट्यावर मोज्याच्या रबराचा वळ उजव्यापेक्षा खोल उमटला होता. फरक अगदी थोडा होता, पण चष्म्याच्या दुकानात वर्षानुवर्षं काचा पारखणाऱ्या बाईच्या नजरेतून तो सुटणार कसा? तिने लेकीचा मोजा घाईघाईने परत वर ओढला.

"अगं, काढायचाच आहे ना तो?" भिंगरी म्हणाली. आठ वर्षांच्या या पोरीला घरात सगळे याच नावाने हाक मारत. घोट्यात संधिवात शिरला त्याआधी ती एका जागी बूड टेकायची नाही.

"थांब जरा. आज परतच जाऊ."

सोनोग्राफीचे नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. दारातल्या मदतनीस बाईंना तिने दोनदा विचारून झालं होतं. आता तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर बाईच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला तेच कशाला हवेत? जावई करून घ्यायचाय का? नव्या मॅडम आहेत, चला आत."

तेच का हवे होते, हे ती स्वतःशीही धड कबूल करत नसे. मागे एकदा दुसऱ्या कुणी तपासलं, तेव्हा पडद्यावर सुजेचे लाल ठिपके दिसले होते. मुलांच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, "नुसत्या गोळ्यांनी भागत नाहीये. आठवड्याला एक इंजेक्शन लागेल. घरी तुम्हीच द्यायचं, आम्ही शिकवू. सांधा आतून झिजला तर भरून येत नाही." ती "बघते" म्हणून उठली आणि तपासणीचा वार बदलून घेतला. नव्या वाराला सोनोग्राफीला हे नेहमीचे डॉक्टर असत. त्यांच्या रिपोर्टमध्ये लाल काही नसे. मग नवराही म्हणे, "बघ, उगाच सुया टोचायला निघालो होतो," आणि तिला हायसं वाटे. सकाळी भिंगरी भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाई, तेव्हा मात्र आई ओट्याकडे तोंड करून उभी राही.

दुकानात तिला असली माणसं रोज भेटत. चष्मा लागू नये म्हणून खुर्चीत बसण्याआधीच तक्त्यावरची अक्षरं पाठ करत. ती हसून तक्ता बदलायची.

आत अंधुक उजेड होता. नव्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी पायाखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली, घोट्यावर भरपूर जेल ओतलं आणि हातातलं यंत्र अगदी अलगद टेकवलं.

"ई! गार आहे! आणि गुदगुल्या होतायत," भिंगरी खिदळली. "ते काका तर इस्त्री करतात."

"इस्त्री?"

"हो, असं कच्चकन दाबून. कपडा असते ना मी."

मॅडम हसल्या, पण त्यांचा हात थांबला. त्यांनी एक बटण दाबलं. करड्या पडद्यावर, सांध्याच्या काठाने, लाल ठिपके लुकलुकायला लागले. एक, मग चार, मग मोजायला सवड मिळू नये इतके.

"मग दर वेळी का दिसत नाहीत?" आईने विचारलं.

"हे बघा." मॅडमनी हात किंचित दाबला. ठिपके विझले. हात सैल केला, पुन्हा पेटले. "जोर दिला की बारीक रक्तवाहिन्या चेपतात, मग काही दिसत नाही. सूज तशीच असते."

"परत करा ना!" भिंगरीला गंमत वाटली. मॅडमनी परत केलं. विझले, पेटले.

आईने नजर वळवली. भिंतीकडे, पंख्याकडे, लेकीच्या उलट्या पडलेल्या बुटाकडे. कुठेच ती ठरेना.

"दुखतं का गं इथे?" मॅडमनी बोट ठेवून विचारलं.

"नाही," भिंगरी तत्काळ म्हणाली. बसमध्ये आईने तिला विचारलं होतं, "आज दुखत नाहीये ना?" दर वेळी असंच विचारायची, आणि दर वेळी हेच उत्तर घेऊन दोघी आत यायच्या.

पण आज भिंगरीने मान वळवून आईकडे पाहिलं. पडदा अजून लुकलुकत होता.

"आई, खरं सांगू का?"

पोर परवानगी मागत होती. दुखतंय म्हणायची परवानगी.

"सांग," ती म्हणाली.

"सकाळी खूप दुखतं. शाळेत जिन्यावर पण." मग घाईघाईने, "पण नंतर थांबतं हां. तू घाबरू नको."

मॅडमनी कागदी रुमालाने घोटा पुसायला घेतला. आईने तो रुमाल त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः पुसू लागली. हलक्या हाताने, न दाबता.

"मॅडम, मुलांचे डॉक्टर आहेत का आज?"

"आहेत. काही निरोप देऊ?"

"इंजेक्शन सुरू करायचंय म्हणावं."

भिंगरी ताडकन उठून बसली. "कोण टोचणार?"

"मी," आई म्हणाली. "मीच देणार."