चांदबिबीचा झोपाळा

"राणीसायबाला म्हाल बघायचाय! थांबवा रं गाडी, पालखी आना कुनीतरी!"

ट्रकच्या केबिनमधून आलेला तो आवाज मनकर्णाच्या कानात छत्तीस वर्षं ठाण मांडून होता. बोलणारा मुकादम कधीच मातीआड झाला, आवाज काही मेला नाही. तेव्हा ती एकोणीस वर्षांची नवी नवरी, पहिल्यांदाच पाथर्डीकडून पश्चिमेला ऊसतोडीला निघालेली. करंजीचा घाट मागं पडला, नगर जवळ आलं आणि डोंगराच्या माथ्यावर तो दिसला. एकटा, आठ अंगांचा, कोवळ्या उन्हात न्हालेला चांदबिबीचा महाल. "थांबवा की जरासं," एवढंच ती म्हणाली होती. सगळा ट्रक हसला. माणसं हसली, दोरीला टांगलेली भांडीसुद्धा हसली.

पुढच्या वर्षी नवऱ्याला, सहादेवला, कावीळ झाली. तीन दिवस नगरच्या दवाखान्यात काढून ती गावी आली, तर आडावर शेजारच्या रंगुबाईनं विचारलं, "नगर पायलंस का गं?" कानात तो ट्रक पुन्हा हसला. घागर उचलता उचलता मनकर्णा बोलून गेली, "पायलं की. म्हालात जाऊन आले." आत काय हाय, असं विचारल्यावर तिनं तिथं झोपाळा टांगला.

खरं तर तिनं नगरातलं पाहिलं होतं ते दवाखान्याचं छत आणि फाटकासमोरची चहाची टपरी. हे एकट्या सहादेवला ठाऊक. तो मिशीत हसायचा, बोलायचा नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा ते गुपितही सोबत घेऊन गेला.

दरसाल ट्रक त्या डोंगराखालून जायचा. टोळीतली पोरं थंडीनं कुरकुरायला लागली की मनकर्णा त्यांना गोधडीत ओढून गायची:

नगराच्या डोंगरावरी चांदबिबीचा गं म्हाल
वाऱ्यानं हाले झोपाळा, दोर रेशमाचे लाल

पोरं माना वर करून बघायची आणि गप्प व्हायची. दोन पिढ्या त्या झोपाळ्यावर वाढल्या. तिचा लेक अंगद वाढला, नात ज्ञानेश्वरीही वाढली.

ती ज्ञानेश्वरी आता अकरावीला. दिवाळीच्या सुट्टीला वसतिगृहातून आली ती वहीच्या शेवटच्या पानावर बेत लिहूनच.

"आजे, नगर ही निजामशाहीची राजधानी होती, ठाऊक आहे? लोक लांबून बघायला येतात. आपण दोन दिवस राहायचं. भुईकोट किल्ला, फराहबाग, रणगाड्यांचं म्युझियम आणि महाल. माझी मैत्रीण ग्रेस, तिच्या मावशी तिथं शिक्षिका आहेत, हेलनबाई. त्यांच्याकडं उतरायचं."

"आदी म्हाल," मनकर्णा म्हणाली. "पाय ताजं आस्त्यात तवर."

"माणसं किती लिहू? दोन?"

"दोन मानसं म्हंजी एक कोयता," मनकर्णा हसली. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटं उरलेलं माणूस अर्धा कोयता. गेली चार वर्षं ती अर्धीच मोजली जात होती.

"आणि एक सांगू का?" नात जरा चाचरली. "पुस्तकात लिहिलंय, तो महाल नाहीच. सलाबतखान म्हणून एक सरदार होता, त्याची कबर आहे."

मनकर्णाचा हात पिठात थबकला. मग तिनं भाकरी दाणकन थापली. "आसंल. त्याला कुनी उठवाया चाललंय? बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम दारात आला. कानिफनाथ, त्याच जुन्या मुकादमाचा लेक. "अंगद, परवा गाडी भरायची. तुमचा नवरा-बायकोचा एक आन् म्हातारीचा अर्धा, दीड कोयता तयार ठेवा."

"परवा मी न्हाई," आतून आवाज आला. "मी नगर बघाया चाललेय."

कानिफनाथ खळखळून हसला. बाप तसाच हसायचा. "नगर? मावशे, नगरला मानूस कोर्टात जातं, दवाखान्यात जातं, लईच झालं तर मोर्चाला जातं. बघाया कोन जातं?"

"मी जाते."

"आई, गाडी चुकंल," अंगद काकुळतीला आला. "म्होरं कारखान्याव कशी यायचीस?"

"न्हाई यायची. औंदा कोयता खुटीला."

चुलीपुढं बसलेल्या सुनेनं, पुष्पावतीनं, पदराआड हसू लपवलं. गलका ऐकून रंगुबाई कुंपणापाशी आली होती. कानिफनाथनं सूर बदलला, गूळ लावला.

"बरं मावशे, नगर ऱ्हाऊ दे. त्यात बघायचं ते काय, त्यो म्हाल. त्यो तर तू आतनं पायलाय! मला पोरपनी मांडीव घिऊन तूच गायलीस, लाल रेशमाचे दोर. एकदा पायल्यालं परत काय बघायचं? का रंगुमावशे?"

"व्हय की," रंगुबाई म्हणाली. "माज्यासंगं आडाव बोलली ती. पस्तीस वरसं झाली."

"बघ!" अंगदला धीर आला. "पायलाय न्हवं तू? मंग?"

मनकर्णा उंबऱ्यात उभी राहिली. वाट दोन्हीकडून बंद. पाहिला म्हणावं, तर परवा ट्रक. नाही म्हणावं, तर आडावरचा शब्द खोटा, ओव्या खोट्या. अंगदच्या डोळ्यांत तो गोधडीतला पोरगा अजून मान वर करून बघत होता. ज्ञानेश्वरी वही छातीशी धरून उभी होती. झोपाळ्याचं तिनं एकदाही विचारलं नव्हतं. पोरीला कळलंय, मनकर्णाच्या मनात आलं. कळूनही तिनं वहीत महाल पहिला लिहिलाय.

तिनं पिठाचे हात पदराला पुसले.

"कानिफा, तुजा बाप आशाच गाडीच्या केबिनीत बसून मला हसला हुता. जरासं थांबवा म्हनले, तर पालखी आना म्हनला. दर साली दोन फेऱ्या त्या डोंगराखालनं गेले मी, येकदा बी पाय खाली टेकू दिला न्हाई तुमी. म्हनून मी खोटं बोलले. रंगे, तुज्यासंगं बोलले. अंगदा, तुला गाऊन निजवलं ते बी खोटं." तिची मान खाली गेली नाही. "तिथं झोपाळा हाय का न्हाई मला ठावं न्हाई. त्यो मी टांगला. म्हाल मी पायलाच न्हाई, बाबांनो. कदीच न्हाई."