पितृपक्षातल्या मोदकवर्गाचा फळा

मी फळा बोलतोय. लगेच पाढे म्हणायला लागू नका, मी शाळेतला नव्हे. शुक्रवार पेठेतल्या एका बोळात, स्वारगेटपासून चालत दहा मिनिटांवर एक जुनं छोटं सभागृह आहे, त्याच्या दारातला फळा मी. आत आज कोणाचा काय कार्यक्रम आहे ते माझ्या अंगावर खडूने लिहायचं आणि कार्यक्रम संपला की पुसून टाकायचं. पंचेचाळीस वर्षं हाच माझा संसार.

भवानी पेठेतल्या एका सुताराने मला घडवलं. चौकट सागवानी, बाकी साधी फळी. मला इथे टांगलं ते व्यवस्थापक बद्रीनाथ यांनी. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं अस्सल पेठेतलं. कोणी विचारलं, "अहो, हॉल कुठे आहे?" की ते म्हणत, "आपण ज्याला टेकून उभे आहात तोच."

माणसांची एक खोड सांगतो. माझ्यासमोर आलेला जो तो आधी स्वतःचं नाव शोधतो. एका मुंजीत मामाचं नाव राहून गेलं, तर मामा जेवायला थांबले नाहीत. मला हसू यायचं. नाव सगळ्यांनाच हवं असतं आणि सगळ्यांना ते मिळतंच, असं तेव्हा मी धरून चाललो होतो.

मग २००३ सालचा पितृपक्ष आला. या पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, म्हणून मी कोराच असतो. अशा एका दुपारी दोघी आल्या. एक अक्षता, स्वारगेटच्या एसटी आगारात आरक्षणाच्या खिडकीवर बसणारी. दुसरी जुबेदा, घोरपडे पेठेत शिवणकाम करणारी. दोघींनी तिशी ओलांडलेली. त्यांना रविवारी दुपारी हॉल हवा होता.

"कार्यक्रम कोणता लिहू?" बद्रीनाथांनी खडू उचलला.

अक्षता जुबेदाकडे बघू लागली. तेवढ्यात जुबेदा बोलून गेली, "मोदकांचा वर्ग. उकडीच्या."

खडू हवेतच थांबला. गणपती नुकतेच बोळवलेले, घरोघरी पितरांची पानं मांडलेली. या दिवसांत पुण्यात मोदक शिकायला कोण येणार? पण बद्रीनाथांनी काही न विचारता झोकदार अक्षरात लिहिलं : 'उकडीचे मोदक. शिकवणी वर्ग. रविवार, दुपारी ४.'

रविवारी एकेक जण येऊ लागला. कोणी वारज्याहून, कोणी थेट मांजरीहून. आधी बोळाची दोन्ही टोकं बघायची, मग मला वाचायचं, मग चटकन आत शिरायचं. नाव कोणीच शोधत नव्हतं. उलट आपलं नाव कुठे आलेलं नाही ना, याची खात्री करून घेत होते. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दार लोटलेलं होतं, पण माझे कान दाराशीच. आत वीसेक माणसं होती. मांजरीच्या उसात राबणारा चाळिशीचा कोंडीराम उभा राहिला आणि म्हणाला, "मला पुरुष आवडत्यात. हे मी आज पयल्यांदा मोठ्यानं बोलतोय." कोंडीरामने एकेकाकडे पाहिलं आणि तो रडू लागला. पुढे म्हणाला, कोणी उठून गेलं नाही, म्हणून रडू आलं.

मी थक्क झालो. माझ्यावर हजारो लग्नं लिहिली गेली, पण एवढं एक वाक्य बोलायला एवढं धैर्य लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. अक्षता आणि जुबेदा एकमेकींच्या जन्माच्या जोडीदार आहेत, हेही तेव्हाच कळलं. त्या काळी कायदासुद्धा अशा माणसांच्या बाजूने नव्हता. तो बदलायला २०१८ उजाडावं लागलं. तोवर नोकरी, घर, आईबाप, सगळंच एका नावापायी जाऊ शकत होतं.

तेवढ्यात बोळातल्या विमलाबाई तरातरा आल्या. मला वाचून त्यांचं डोकं फिरलं होतं. दार ढकलून त्यांनी विचारलं, "पितृपक्षात मोदक? कोण शिकवतंय ते बघू तरी!"

आत ना शेगडी, ना नारळ, ना पिठी. वीस चेहरे पांढरे पडलेले आणि मध्ये डोळे पुसणारा कोंडीराम. अक्षताला वाटलं, संपलं सगळं. विमलाबाई दारातच उभ्या राहिल्या. मग आत जाऊन कोपऱ्यात बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. उठताना एवढंच म्हणाल्या, "मोदक तुमच्यापैकी एकालाही येत नाहीत, हे दिसतंच आहे. पुढच्या खेपेला पिठी मी आणते. बोळात वास सुटला पाहिजे, नाहीतर लोक विचारतील."

पुढची अकरा वर्षं, दर महिन्याला, विमलाबाईंनी खरोखर मोदक केले. एका बाजूला उकड मळली जायची, दुसऱ्या बाजूला हक्कांसाठीच्या मोर्चाचे फलक रंगवले जायचे. मोर्चात तोंड झाकून जायचं की उघड्या तोंडाने, यावर तासन्‌तास वाद व्हायचे. मुलीशी अबोला धरलेल्या एका आईला इथेच समजावलं गेलं. आणि मी? मी बाहेर टांगून खोटं बोलत होतो. पण त्या खोट्याचा मला फार अभिमान वाटायचा.

पुढे काळ पालटला. मंडळी मोठ्या जागी उघडपणे भेटू लागली. विमलाबाई गेल्या. सभागृहही बंद पडलं आणि आज, सोमवारी, ते पाडणार आहेत.

परवा शनिवारी अक्षता आणि जुबेदा पुन्हा माझ्यासमोर आल्या. केस पिकलेले. बरोबर सृष्टी आणि प्रज्ञेश ही कॉलेजची मुलं. शहरात समलिंगी माणसांची चळवळ जिथे जिथे रुजली, त्या जागांची ही मुलं फेरी काढतात आणि नकाशा तयार करतात. इमारत पडायच्या आत या सभागृहाचं नाव नकाशावर यावं, एवढीच अक्षताची इच्छा होती. जागा गेली की इथे कोणी होतं हेच कोणाला कळणार नाही, या भीतीने ती चार रात्री झोपली नव्हती.

"मावशी, ॲक्च्युअली प्रॉब्लेम असा आहे," सृष्टी चाचरत म्हणाली, "हॉलच्या बुकिंगच्या जुन्या वह्या आम्ही चेक केल्या. अकरा वर्षं फक्त मोदकवर्ग लिहिलाय. काहीतरी प्रूफ हवं ना. एकही फोटो नाही?"

"फोटो कसा काढणार, बाळा?" जुबेदा म्हणाली. "लपायलाच तर येत होतो."

अक्षता मटकन पायरीवर बसली. आपण इतकं चोख लपलो, की आता सापडतच नाही, असं ती पुटपुटली.

सभागृह बंद पडल्यावरही मागच्या खोलीतच राहणारे बद्रीनाथ काठी टेकत बाहेर आले. वय ऐंशी. म्हणाले, "प्रूफ म्हणजे साक्षीदारच ना? वहीत खोटं मीच लिहिलंय. खोट्याची साक्ष लिहिणाऱ्यापेक्षा चांगली कोण देणार?"

अक्षताने चमकून पाहिलं. "म्हणजे... आपल्याला माहीत होतं?"

"पितृपक्षात मोदकांचा वर्ग! मला अक्कल आहे हो, अक्षताबाई. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण चौकशी करणं माझ्या कामात बसत नव्हतं."

प्रज्ञेशने त्यांचं बोलणं शब्दन्‌शब्द टिपून घेतलं. मग बद्रीनाथांनी खिशातून खडू काढून अक्षतासमोर धरला. "आज आपणच लिहा."

काल, रविवारी, फेरी आली. साठ-सत्तर माणसं, बोळ भरून गेला. त्यांच्यासमोर अक्षताने माझ्यावर लिहिलं : 'अक्षता आणि जुबेदा'. त्याखाली 'विमलाबाई'.

मग गर्दीतून म्हातारा कोंडीराम पुढे आला, त्याने स्वतःचं नाव लिहिलं. मागोमाग त्या काळातले आणखी कोणी. कालच पहिल्यांदा आलेला बिलाल नावाचा तरुण 'बि' काढून थांबला, त्याने बोळाकडे बघितलं, आणि मग पूर्ण नाव लिहिलं. नावं वाढत गेली. माझी फळी संपली, चौकट संपली, तरी खडू थांबेना. लोक भिंतीवर लिहू लागले, पार बोळातल्या नळापर्यंत. आयुष्यभर मी स्वतःला मोठा समजत आलो. काल मी किती तोकडा आहे ते कळलं, आणि त्याचं मला इतकं सुख झालं की काय सांगू.

नकाशावर सभागृहाचा ठिपका आला. मला अक्षता आज घरी नेणार आहे. पण अर्धी नावं भिंतीवर आहेत आणि भिंत काही कोणाला नेता येत नाही.

म्हणून, भिंत पाडायला येणाऱ्या दादा, तुझं काम तू कर. तुला कोणी अडवणार नाही. फक्त पहिला घाव घालायच्या आधी ती नावं वाच. मनात नको, मोठ्याने वाच.