खरी शपथ

मठाचं छप्पर कधीच कोसळलं होतं, भिंतीवरच्या देवदूताचं तोंडही अर्धंच उरलं होतं. तरी शपथ घ्यायची ती तिथेच. गावात घेतलेल्या शपथेला कुत्रंही विचारत नसे. म्हणून भर दुपारी सगळे दोन तास चढ चढून आले होते.

गेर्वासीचं गवताचं कोठार जळालं होतं आणि आत त्याचे दोन बैल मेले होते. ज्याने आग लावली त्याचं रक्त सांडीन, असं तो साऱ्या गावादेखत बोलला होता. संशय बेखानच्या पुतण्यावर होता, कारण कुरणावरून दोघांचं वाजलं होतं.

शपथेला आरोपीच्याच घरचा माणूस लागतो, आणि तो निवडतो फिर्यादी. गेर्वासीने बेखानकडे बोट केलं.

"काका, तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत. तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

पुतण्या निर्दोष होता, म्हणजे शपथ खरीच होती. पण आगीच्या दिवशी पावसात कोठारात शिरला होता तो बेखान स्वतः. सिगारेट ओढली होती, आणि थोटूक विझवल्याचं त्याला काही केल्या आठवत नव्हतं.

मठाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सोरेखने देवाची चांदीने मढवलेली तसबीर पुढे केली. बेखानने तिच्यावर हात ठेवला.

"माझ्या पुतण्याने आग लावली नाही. खोटं असेल तर माझ्या घरची चूल विझो."

गेर्वासीने खांद्यावरची बंदूक भिंतीला टेकवली आणि पुतण्याला मिठी मारली. बेखानला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची किळसही आली.

"मग उरला तो गुराखी, जिमशेर," गेर्वासी म्हणाला. "तोही तिकडेच होता."

"घाटापलीकडचा माणूस तो. त्याच्यासाठी शपथेला उभं कोण राहणार?" पुतण्याने विचारलं.

"कुणी नाही. मग ठरलंच की, तोच तो."

"आज पुन्हा देव बाहेर काढायला लावू नका रे बाबांनो," सोरेख तसबीर कापडात गुंडाळत म्हणाला. "माझी पाठ गेलीय."

"सोरेख, थांब." बेखानने कापड बाजूला करून पुन्हा हात ठेवला. "गेर्वासी, कोठारात मी होतो. माझ्या सिगारेटने पेटलं ते."

गेर्वासीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, त्या परक्याला वाचवायला बोलताय. खोटं आहे म्हणा."

"जन्मात खोटं बोललो नाही, तूच म्हणालास ना?"

गेर्वासीने भिंतीकडे पाहिलं. बंदूक दोन पावलांवर होती. बेखानने तसबिरीवरचा हात उचलला नाही.