जोडीतला दुसरा ग्लास

"तोंड उघड ना रे, तिखोन."

तिखोनने ओठ मिटले. झिनाइदाने कप खाली ठेवला. कालपासून हेच.

चहाचा ग्लास ज्यात बसवतात ते चांदीचं घर टेबलावर रिकामं. तिखोनच्या आजोबांचं. कानवालं, तारेच्या नक्षीत निळं-हिरवं मीनाकाम. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिखोन बायकोला ओळखत नव्हता. त्या घराला ओळखायचा. त्यातला ग्लास काल तिच्या हातून

फुटला.

शेजारची रिम्मा आपले सगळे ग्लास घेऊन आली. जाड बुडाचे, आत उतरेनात. एक उतरला तो खुळखुळला. तिखोनने हातानेच ढकलला.

"झारच्या वंशातला गं तुझा नवरा!" रिम्मा म्हणाली.

तपासायला आलेली नर्स हसली नाही. "आजी, उद्यापर्यंत प्यायले नाहीत तर दवाखान्याची गाडी बोलवावी लागेल, वॉर्डात ठेवावं लागेल."

त्या वॉर्डातून कुणी परत येतं का, हे झिनाइदाने विचारलं नाही.

नर्स गेल्यावर रिम्मा म्हणाली, "जोडीतला दुसरा होता ना गं?"

"वादिककडे आहे."

रिम्माने आपले ग्लास गोळा केले.

झिनाइदा निघाली वादिककडे. शेवटचा बसथांबा, बर्चची झाडं, निळं कुंपण. मुलाला पुरलं तेव्हा रीतीप्रमाणे व्होडका भरून, वर काळ्या पावाचा तुकडा ठेवून तो ग्लास तिनेच थडग्यावर ठेवला होता. आता त्यात पावसाचं पाणी, दोन पानं.

तिने पाणी ओतून टाकलं. रडू येईल म्हणून ती थांबली.

नाही आलं.

"वादिक, बाबांना लागतोय," ती थडग्यावरच्या फोटोला म्हणाली.

परतीची बस. जिना. चूल.

"अगं, मेलेल्याच्या वाट्याचं घरात आणतात का?" रिम्मा दारातच ओरडली. "डोकं फिरलंय तुझं!"

"सोडा घालून उकळतेय."

"उकळून काय जातं त्याने?"

"डाग."

ग्लास चांदीच्या घरात अलगद उतरला. हलला नाही. चहा, दोन खडे साखर. तिखोनने घराचा कान धरला, ग्लासातला चमचा अंगठ्याने अडवला, पूर्वीसारखाच एक डोळा मिटला.

प्यायला. तळापर्यंत.

"अजून," म्हणाला.

रिम्माने छातीवर क्रूस काढला आणि गेली.

झिनाइदाने पुन्हा चहा ओतला. नर्सला फोन केला. "गाडी नको."

मग खुर्ची ओढून बसली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, कोट अजून अंगावरच आहे. बाह्यांना कबरस्तानातली माती. वरचं बटण तिने सोडवलं.

बाकीची राहिली.