राहिल्या नाहीत

गाळणीची एक तार सुटली होती, ती बोटाला लागू नये म्हणून अच्युत अंगठ्यानं दाबत होता, तेवढ्यात फोन वाजला. गेल्या वर्षीचा जानेवारी, दुपारचे सव्वाबारा. पलीकडे एक मुलगी होती.

"काका, मी पायल... मॅडमच्या वर्गातली. मॅडम राहिल्या नाहीत."

"बरं," अच्युत म्हणाला, "चहा ठेवतो," आणि फोन ठेवला.

कारण सकाळीच त्याची बायको पद्मजा म्हणाली होती, या वेळी मी सहलीला शेवटपर्यंत राहणार नाही, दम लागतो आजकाल, तलाव दाखवून झाला की पुढचं सुनीती टीचर बघेल. म्हणजे राहिली नाही, निघाली. तलावापासून, गुढियारीहून, घरी शंकर नगरला ऑटोनं अर्धा तास — त्यानं आलं ठेचलं, दोन कप पाणी ठेवलं, दार नुसतं लोटून ठेवलं. पाणी आटलं म्हणून परत घातलं. मग शाळेचे शिपाई भैय्यालाल चप्पल बाहेर काढून आत आले आणि भिंतीला धरून रडायला लागले. तलावाकाठीच तिच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेलं, तिथे दहा मिनिटंसुद्धा नाही...

नंतर कळलं, फोन करायला भैय्यालालनीच पायलला सांगितलं होतं. बेटा, तू मराठी है, तू बता, अपनी बोली में सुनेंगे तो... पुढे त्यांना बोलवलं नाही. पायलच्या घरचे नागपूरकडचे, बाप उरला भागातल्या कारखान्यात; तिला मराठी सगळी कळते, पण इथल्या हिंदी शाळेत बोलायची ती हिंदीच. हिंदीत म्हणतात, नहीं रहीं. तिनं ते तसंच्या तसं मराठीत आणलं.

आज तोच वर्ग, आता दहावीतला, त्याच तलावावर उभा होता. अर्धी सुटलेली सहल पुरी करायची, प्रकल्पाची वही द्यायची. सुनीतीनं फोन केला होता, तुम्ही याच, त्या पाऱ्यातले, त्या वस्तीतले तुम्हीच. ते खरं होतं. अच्युतचं लहानपण या काठावर गेलं. अकरा वर्षं पद्मजानं पोरांना जे जे सांगितलं — इथे धोबी होते, इथे कोळशाची टाल, मोठी वखार, इथे पिंपळाखाली सगळा पारा जमायचा नि वस्तीचा न्याय व्हायचा — ते सगळं त्याच्याकडून विचारून घेतलेलं. ती विदर्भातली, अमरावतीची. रात्री जेवताना विचारायची, नि हात न धुताच वहीत लिहायची. आता तिथे लाल फरशीचा फिरायचा रस्ता, व्यायामाची यंत्रं, फोटो काढायला मोठी रंगीत अक्षरं. वस्ती बीरगांवच्या पुढे चार मजली इमारतींत गेलेली. पोरांच्या वहीत चार रकाने: आधी काय होतं, आता काय आहे, कोण गेलं, कुठे गेलं.

"अंकल, पहले यहाँ मच्छर थे," संघर्ष नावाचा उंच पोरगा म्हणाला, "अब सेल्फी पॉइंट है. मच्छर कहाँ शिफ्ट हुए?"

"बीरगांव," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

"हसून काय राहिले बे," अच्युत म्हणाला, "लिहा. तिसरा नि चौथा, दोन्ही रकाने भरले तुमचे." तोही हसला. हसताना त्याला दिसलं, पायल हसत नव्हती. ती रेलिंगपाशी एकटी, पेन वहीवर टेकवून उभी होती.

तिच्यासाठीच तो आला होता. तेराव्याच्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, कोणीतरी विचारलं, तुम्हाला कळलं कसं, आणि तो मोठ्यानं म्हणाला होता, "त्या पोट्टीले मराठी येत नाही, त बोलली काहून? मी इथं चहा उकळत बसलो." लोकांनी माना हलवल्या. तेव्हा पायल आईबरोबर दारात होती, हातात स्टीलचा डबा. डबा तिनं खाली ठेवला आणि ती गेली.

सुनीती जवळ आली. हळूच म्हणाली, "तिची आई भेटली होती. पोरगी वर्षभर घरात मराठीचा एक शब्द काढत नाही. आजीचा नागपूरहून फोन आला तरी हिंदीतच. मले वाटलं, तुमच्या कानावर घालावं."

"हव," अच्युत म्हणाला.

काय सांगायचं ते त्यानं ऑटोत बसल्या बसल्या जुळवलं होतं. सांगायचं, बेटा, तुझं वाक्य बरोबर होतं, मराठीतही तसंच म्हणतात, चूक माझ्या ऐकण्याची. आणि जमलंच तर हेही, की भैय्यालाल येईपर्यंतच्या त्या पस्तीस मिनिटांत ती माझ्यासाठी ऑटोत बसलेली होती, घराकडे येत होती, ती पस्तीस मिनिटं मला तुझ्यामुळे मिळाली...

तो रेलिंगपाशी गेला. तिनं वही पुढे केली, नजर वहीवरच.

"अंकल, आपका घर कहाँ था?"

"तो तिसरा दिवा दिसते ना तुले? त्याच्या खाली. दोन खोल्या. मागं नाली."

तिनं लिहिलं. अक्षर बारीक, नाक ओढत लिहीत होती, सर्दी असावी — आणि तो आवाज अच्युतनं ओळखला. हा आवाज. फोनवर हाच होता. काका, मी पायल, आणि मग हे नाक ओढणं, मोठा श्वास, मागे कोणीतरी रडतंय, कोणीतरी स्ट्रेचर म्हणतंय... हे सगळं त्यानं ऐकलं होतं. एवढं ऐकून माणसाला काय कळत नाही? सहलीतून लवकर निघालेल्या बाईची बातमी कोणी रडत देतं का? आणि बरं, चहा ठेवतो, हे किती घाईनं म्हणालो मी, तिचा पुढचा शब्द येऊ नये म्हणून. फोन मी कापला. ती अजून बोलत होती... काका, असं तिनं परत म्हटलं होतं, ते अर्धं ऐकू आलं होतं. मला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच मी दुसऱ्यांदा पाणी घातलं, दुसऱ्यांदा, आणि घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

ती पोरगी बरोबर मराठी बोलली होती आणि त्यालाही ती बरोबरच समजली होती.

"अंकल?" पायल म्हणाली. पहिल्यांदा तिनं वर पाहिलं. "और कुछ लिखना है?"

जुळवलेली वाक्यं आता उपयोगाची नव्हती. त्यांत ऐकण्याची चूक होती, आणि चूक तर झालीच नव्हती. दारात डबा धरून उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या पोरीवर त्यानं जे ढकललं होतं ते दुसरंच काही होतं, आणि त्याला कुठल्या भाषेत काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. समोर पाण्यात कारंजं सुरू झालं, पोरं तिकडे धावली. पायल तिथेच थांबली, पेन उघडं ठेवून. तिला घाई नव्हती.

"नाली पक्की नव्हती," तो म्हणाला. "कच्ची होती. कच्ची लिही."

तिनं लिहिलं. सुनीतीनं शिट्टी वाजवली तशी वही मिटून ती रांगेत जाऊन उभी राहिली. रांग पुढच्या ठिकाणाकडे, जयस्तंभाकडे निघाली. अच्युत सगळ्यांच्या मागे चालू लागला, पायलपासून सात-आठ पोरं मागे.

तिला त्यानं अजून काहीच सांगितलेलं नाही.